सातव्या आठवड्यात अंगावर पुरळ, रुबेलाचा आयजीएम पॉझिटिव्ह : गर्भाला धोका किती आणि निर्णय कधी घ्यावा?

निशिगंध

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. वय २८, लग्नाला चार वर्षे झाली आहेत आणि हे माझे पहिलेच गरोदरपण आहे. शेवटच्या पाळीपासून मोजले तर आज नऊ आठवडे आणि चार दिवस झाले.

साधारण पाच आठवड्यांपूर्वी माझ्या दुसरीच्या वर्गातील तीन मुलांचे गाल लालबुंद झाले होते. ताप नसल्यामुळे पालकांनी त्यांना शाळेत पाठवले आणि थंडीने गाल फुटले असतील असे समजून आम्हीही दुर्लक्ष केले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, म्हणजे मला सातवा आठवडा चालू असताना, दोन दिवस कणकण आली आणि दंडांवर व पोटावर फिकट लाल पुरळ उठले. ते तिसऱ्या दिवशी मावळले, परंतु हाताची बोटे मात्र आठवडाभर आखडलेली राहिली. सकाळी खडू हातात धरवत नव्हता आणि रोजच्या बांगड्या मनगटावरून पुढे सरकत नव्हत्या.

तालुक्याच्या गावी डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. रुबेलाचा, म्हणजे जर्मन गोवराचा, आयजीजी (संसर्गानंतर रक्तात दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह आहे आणि आयजीएमचा (ताज्या संसर्गात आधी दिसणारी प्रतिपिंडे) आकडा १.३ आला आहे, रिपोर्टवर १.१ च्या पुढे पॉझिटिव्ह असे छापले आहे. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले की धोका मोठा आहे, आठ-दहा दिवसांत ठरवले तर गोळ्यांनी मोकळे होता येईल. घरी सासूबाई आणि नणंद यांचेही मत तसेच पडले आहे; दोघी माझ्या काळजीपोटीच बोलत आहेत हे मला समजते. आई सांगते की लहानपणी मला गोवर येऊन गेला होता, पण तो कोणता गोवर हे तिला सांगता येत नाही. २०१८ च्या गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेत मी डी.एड.च्या सरावासाठी ज्या शाळेत होते तेथे मुलांच्या रांगा लावण्याचे आणि लस दिलेल्या मुलांच्या अंगठ्याच्या नखावर खूण करण्याचे काम मी स्वतः केले, परंतु मी वयात बसत नसल्यामुळे मला ती लस मिळाली नाही.

माझ्या पोटातील बाळाला रुबेला झालाच आहे असे या एका रिपोर्टवरून धरावे का? खात्री करण्याचा दुसरा काही मार्ग आहे का? आणि निर्णयासाठी माझ्याकडे खरोखरच आठ-दहा दिवसच आहेत का?

गोदाकाठ

निशिगंधताई, मी नाशिकला स्त्रीरोग आणि प्रसूती या विषयात २२ वर्षे काम करीत आहे. आपल्याला तपासल्याशिवाय मी निदान करू शकत नाही, पण आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सर्व त्यावर अवलंबून आहे. नाही, आठ-दहा दिवसांची मुदत आपल्यावर कोणीही घातलेली नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली असून २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतावर, काही ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. गोळ्यांची सोय लवकरच्या आठवड्यांतच असते हे खरे, परंतु सोयीसाठी निदानाची पायरी गाळणे मला अजिबात मान्य नाही.

आता रुबेलाविषयी. त्याची भीती निराधार नाही. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे १९४१ साली जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे एकामागून एक येऊ लागली, तेव्हा त्यांनी मातांची चौकशी केली आणि बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला जर्मन गोवर होऊन गेल्याचे त्यांच्या लक्षात आले. अशा ७८ बाळांची नोंद त्यांनी मांडली. तोपर्यंत हा आजार म्हणजे तीन दिवसांचे किरकोळ पुरळ समजला जात होता, आणि मातेच्या दृष्टीने तो आजही बहुधा तसाच असतो : थोडा ताप, कानामागच्या गाठी, सांधेदुखी, आणि कित्येकींच्या बाबतीत तर पुरळसुद्धा नाही. नुकसान होते ते बाळाचे. विषाणू मातेच्या रक्तातून वारेत आणि वारेतून गर्भात उतरतो. आणि पहिल्या बारा आठवड्यांत डोळ्याचे भिंग, हृदय आणि अंतःकर्ण हे सारे एकाच वेळी घडत असल्यामुळे त्या पेशींची वाढ तेथेच खुंटते. या काळात मातेला खरोखर रुबेला झाला असेल तर बाळाला इजा पोहोचण्याची शक्यता शंभरात ९० पर्यंत जाते. सोळाव्या आठवड्यानंतर मुख्यतः बहिरेपणाचा धोका उरतो आणि विसाव्या आठवड्यानंतर व्यंग क्वचितच आढळते.

म्हणूनच ‘खरोखर’ या शब्दावर मी अडून बसतो. आयजीएम ही चाचणी फसवी आहे. दुसऱ्या विषाणूचा संसर्ग, संधिवाताशी संबंधित प्रतिपिंडे, कधी नुसते गरोदरपण यांमुळेही ती हलकीशी पॉझिटिव्ह येते. आणि लसीकरणामुळे समाजात रुबेला जसजसा कमी होत जातो तसतसे अशा काठावरच्या रिपोर्टांपैकी खोट्यांचे प्रमाण वाढत जाते. १.१ च्या मर्यादेवर १.३ हा आकडा काठावरचाच आहे. आपला आयजीजीही पॉझिटिव्ह आहे, आणि तो लहानपणच्या संसर्गाचा असेल तर आपण सुरक्षित आहात. तो जुना की नवा हे ठरवण्यासाठी ‘ॲव्हिडिटी’ नावाची तपासणी असते. प्रतिपिंडे जितकी जुनी तितकी ती विषाणूला घट्ट धरतात. पकड घट्ट निघाली, म्हणजे ॲव्हिडिटी उच्च आली, तर संसर्ग किमान तीन-चार महिन्यांपूर्वीचा असतो आणि आपल्या बाबतीत याचा अर्थ गर्भधारणेच्या आधीचा असा होतो. सैल निघाली तर मात्र रुबेला गांभीर्याने घ्यावा लागेल, आणि मग योग्य वेळी गर्भजलाची तपासणी करून विषाणू बाळापर्यंत पोहोचला आहे का हे पाहता येते.

उद्या प्रयोगशाळेला फोन करून आपला पहिला नमुना शिल्लक आहे का ते विचारा. असल्यास तो जपून ठेवायला सांगा. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेला दुसरा नमुना आणि हा पहिला नमुना एकाच दिवशी, एकाच यंत्रावर शेजारीशेजारी तपासले तरच आयजीजी वाढतो आहे की स्थिर आहे ते नेमके कळते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना करू नये.

तोपर्यंत फॉलिक ॲसिड चालू ठेवा. ताप आलाच तर पॅरासिटामॉल घेऊन तो उतरवा, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत दीर्घकाळ चढलेला तापसुद्धा गर्भाला चांगला नसतो. सांध्यांसाठी आयब्युप्रोफेन किंवा तत्सम वेदनाशामक स्वतःच्या मनाने घेऊ नका.

पळसफूल

ताई, मी वर्ध्याकडची. डॉक्टरांनी ‘खरोखर’ हा शब्द का धरून ठेवला आहे हे मला फार जवळून माहीत आहे, म्हणून लिहिते.

माझ्या मुलाच्या वेळी मला आठव्या आठवड्यात पुरळ आले होते. ऐन उन्हाळा होता, घरातल्या सर्वांनी उष्णतेचे पुरळ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी दिले आणि चार दिवसांत मी ते विसरलेही. कोणी तपासणी सांगितली नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. मुलगा जन्मला तेव्हा वजन कमी होते एवढेच सर्वांना दिसले. दीड महिन्याचा असताना एका संध्याकाळी देवापुढे निरांजन लावून मी त्याला मांडीवर घेतले, तर ज्योतीच्या उजेडात त्याच्या एका डोळ्याची बाहुली कवडीसारखी पांढरी दिसली. मी निरांजन थोडे बाजूला सरकवले, पुन्हा जवळ आणले. पांढरेपणा तसाच होता. त्यानंतर महिनाभराने स्वयंपाकघरात स्टीलची परात माझ्या हातून पडली तेव्हा शेजारच्या खोलीतून सासरे धावत आले, पण दोन हातांवर निजलेले बाळ दचकलेसुद्धा नाही. मोतीबिंदू, ऐकू न येणे आणि हृदयाजवळची जन्मानंतर बंद व्हायला हवी ती नलिका उघडी राहणे, असे तिन्ही निघाले. हे सारे रुबेलाचे एकत्र लक्षण आहे हे आम्हाला नागपूरला गेल्यावर कळले. अशा बाळाच्या लघवीतून आणि घशातून वर्षभरसुद्धा विषाणू बाहेर पडू शकतो, तेव्हा घरात येणाऱ्या गरोदर बायकांना जपा, हेही तेथेच सांगितले गेले. माझी धाकटी जाऊ तेव्हा तीन महिन्यांची गरोदर होती आणि रोज त्याला अंघोळ घालीत होती. तिच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक.

आज तो २१ वर्षांचा आहे. तीन शस्त्रक्रिया झाल्या, कानाला यंत्र आहे, खुणांच्या भाषेत आमच्या घराचे सगळे बोलणे चालते आणि तो संगणकावर जाहिरातींची मांडणी करण्याचे काम शिकला आहे. त्याच्या जन्माचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. पण मला त्या वेळी माहिती मिळायला हवी होती, हा माझा हक्क होता, आणि तो आज तुम्हाला मिळतो आहे. डॉक्टर म्हणतात ती तपासणी करा आणि तिचे उत्तर येण्याआधी कोणालाही हो किंवा नाही म्हणू नका.

सूक्ष्मदर्शक

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो आहे. विषाणूंच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या करण्यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे निशिगंध यांच्या मूळ प्रश्नातील एका ओळीवर माझी नजर थांबली : तीन मुलांचे गाल लालबुंद, आणि ताप नाही.

हे वर्णन रुबेलाचे वाटत नाही. चापट मारल्यासारखे लाल गाल, मुले एरवी खेळती, आणि त्यांच्या सहवासातील मोठ्या स्त्रीला दोन आठवड्यांनी फिकट पुरळ येऊन बोटांचे सांधे आखडणे हे पार्व्होव्हायरस बी१९ या विषाणूचे चित्र आहे. या विषाणूच्या नावाची हकिकत अशी की १९७५ साली लंडनमध्ये यव्हॉन कोसार्ट आणि त्यांचे सहकारी रक्ताच्या नमुन्यांत काविळीचा विषाणू शोधत असताना ‘बी’ गटातील १९ क्रमांकाच्या नमुन्यात त्यांना हा अनपेक्षित विषाणू सापडला, आणि तो क्रमांकच त्याला नाव म्हणून चिकटला. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की बी१९ चा ताजा संसर्ग असलेल्या व्यक्तीचा रुबेलाचा आयजीएम पुष्कळदा खोटा पॉझिटिव्ह येतो. मी असे रिपोर्ट पाहिलेले आहेत. तेव्हा ॲव्हिडिटीबरोबर पार्व्होव्हायरसचे आयजीएम आणि आयजीजी तपासून घ्यावेत अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

शिवाय गेल्या महिन्या-दीड महिन्यात आपण पुण्याला किंवा डासांचा उपद्रव असलेल्या अन्य ठिकाणी गेला होता का, हे डॉक्टरांना अवश्य सांगा. ताप, पुरळ आणि सांधेदुखी डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका यांतही असते. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात जे रुग्ण सापडले त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. झिका गर्भाच्या मेंदूच्या वाढीवर आघात करतो, ब्राझीलमध्ये २०१५ च्या साथीनंतर लहान डोक्याची बाळे जन्मल्यामुळे ते जगाला कळले. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था या तपासण्या करते, नमुने सरकारी यंत्रणेमार्फत तेथे जातात.

एक गोष्ट मात्र टाळा. ‘टॉर्च’ नावाने सात-आठ तपासण्यांचा जो संच सरसकट लिहून दिला जातो तो पुन्हा करू नका. आपल्याकडे बहुतेक स्त्रियांचा सायटोमेगॅलो या सर्वत्र आढळणाऱ्या विषाणूचा आयजीजी पॉझिटिव्ह असतोच. त्या कागदावरील लाल ठसे पाहून विनाकारण घाबरलेल्या आणि महिनोन्‌महिने औषधे घेत राहिलेल्या बायका मी माझ्या खिडकीसमोर रांगेत उभ्या पाहिल्या आहेत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. प्रश्न नेमका असेल तेव्हाच तपासणी उत्तर देते.

आंबेमोहर

विषय थोडा वेगळा आहे, क्षमा असावी. माझ्या भाचीला दहाव्या आठवड्यात तिच्या मुलाकडून कांजिण्यांचा संसर्ग होण्याची शक्यता आहे. मुलाला काल फोड आले. तिला स्वतःला कांजिण्या झाल्याचे आठवत नाही. तिच्या बाळालाही असाच धोका आहे का?

गोदाकाठ

तिला आजच डॉक्टरांकडे पाठवा. कांजिण्यांमुळे गर्भात व्यंग होण्याची शक्यता पहिल्या तिमाहीत शंभरात एकाहूनही कमी असते आणि १३ ते २० आठवड्यांत ती शंभरात दोनच्या आसपास जाते. म्हणजे बाळाचा धोका रुबेलाच्या तुलनेने अगदी कमी आहे, पण येथे मातेचा धोका मोठा आहे, कारण प्रौढ वयात आणि विशेषतः गरोदरपणात कांजिण्यांचा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. आधी तिचा आयजीजी तपासतात. तो निगेटिव्ह आला तर संपर्कापासून दहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते, आणि फोड आलेच तर पहिल्या चोवीस तासांत असायक्लोव्हिर सुरू करण्याचा डॉक्टर विचार करतील. दम लागला किंवा खोकला वाढला तर कडुनिंबाच्या पाल्यावर विसंबून घरी थांबू नये. कांजिण्यांची आणि रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत, कारण दोन्ही जिवंत विषाणूंच्या आहेत. प्रसूतीनंतर मात्र त्या जरूर घ्याव्यात.

निशिगंध

आज बारा दिवसांनी लिहीत आहे. आपण सर्वांनी वेळ दिलात, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

रुबेलाची ॲव्हिडिटी उच्च आली. प्रयोगशाळेने पहिला नमुना ठेवला होता; दोन्ही नमुने एकत्र तपासल्यावर आयजीजी स्थिर असल्याचेही निघाले. म्हणजे आई म्हणते तो लहानपणचा गोवर बहुधा रुबेलाच होता. परंतु सूक्ष्मदर्शक यांचा कयास खरा ठरला : पार्व्होव्हायरसचा आयजीएम स्पष्टपणे पॉझिटिव्ह आहे. काल अकराव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. बाळाच्या हृदयाचे ठोके व्यवस्थित आहेत आणि मानेमागची जाडी नेहमीएवढी आहे. मी गर्भ ठेवण्याचे ठरवले आहे आणि रिपोर्ट समजावून सांगितल्यावर सासूबाईंनीही ते मान्य केले.

आता नवीन प्रश्न असा की या विषाणूने पुढे काय होऊ शकते, आणि मी शाळेत जावे का? आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस चौथ्या महिन्यात आहेत आणि त्या रोज याच मुलांमध्ये असतात, त्यांचीही मला काळजी वाटते.

गोदाकाठ

ताई, हे वाचून मला फार बरे वाटले. पार्व्होव्हायरस रुबेलासारखी व्यंगे करीत नाही, ही पहिली गोष्ट. संसर्ग झालेल्या मातांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणींच्या बाळापर्यंत तो पोहोचतो आणि त्यांतील बहुतेक बाळे काही न करता त्यातून पार पडतात. तथापि तो गर्भाच्या तांबड्या रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो, त्यामुळे काही बाळांना तीव्र रक्तक्षय होतो, हृदयावर ताण येतो आणि अंगात पाणी साठते. विसाव्या आठवड्याआधीच्या संसर्गात शंभरातील सुमारे दहा गर्भ दगावतात, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. म्हणून पुरळ आल्यापासून बारा आठवडे, म्हणजे आपल्या बाबतीत साधारण एकोणिसाव्या आठवड्यापर्यंत, दर एक-दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करायची. सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतील प्रवाहाचा वेग डॉप्लरने मोजता येतो. रक्त पातळ झाले की तो वाढतो, त्यामुळे अंगात पाणी दिसू लागण्याच्या आधीच रक्तक्षय कळतो. गरज पडलीच तर नाळेतून बाळाला रक्त देण्याची सोय गर्भवैद्यकाच्या मोठ्या केंद्रांत आहे, तेव्हा असे केंद्र कोणते आणि तेथे कसे पोहोचायचे हे आपल्या डॉक्टरांशी आताच बोलून ठेवा.

आपण शाळेत जायला हरकत नाही. या आजारात पुरळ उठेपर्यंत संसर्ग पसरवण्याचा काळ संपलेला असतो, आणि एकदा झालेला संसर्ग सहसा पुन्हा होत नाही. याच कारणाने लाल गालांच्या मुलांना घरी ठेवूनही वर्गातली साथ थांबत नाही.

मदतनीस ताईंना मात्र याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि वर्गातील मुलांचे गाल कधी लाल झाले होते त्या तारखा लिहून सोबत द्या. त्यांचा पार्व्होव्हायरसचा आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आला तर त्यांना पूर्वीच संरक्षण मिळालेले आहे. प्रौढांपैकी सुमारे निम्म्यांना ते असते. दोन्ही निगेटिव्ह आले तर साथ ओसरेपर्यंत त्यांना मुलांच्या थेट संपर्कातील कामातून मोकळे करावे, मुलांची नाके पुसल्यावर व खाऊ भरवल्यावर साबणाने हात धुण्याविषयी त्यांना समजावून सांगावे, आणि तीन-चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.